१८५ च्या जागी २०५ टायर बसवू का? रिम तीच ठेवायची आहे

रोमातून_बाहेर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस रोमात (म्हणजे नुसता वाचत) होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. गाडी हॅचबॅक, इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, कंपनीकडून आलेली टायरं १८५/६५ आर१५ ८८एच, रिम अलॉय. चारही टायरं संपत आलीयेत, खाचेत जी खुणेची पट्टी असते ना तिला ट्रेड जवळजवळ टेकलाय. आता बदलायचीच आहेत तर जरा रुंद टाकावीत असं डोक्यात आलंय. कारणं दोन. एक म्हणजे वेगात वळण आलं की गाडी तरंगल्यासारखी वाटते आणि पावसात जरा ब्रेक दाबला की एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लगेच गुरगुरायला लागतं. दुसरं, खोटं कशाला बोला, मागून बघितली की गाडी काडीपैलवान दिसते.
मित्र म्हणतो डायरेक्ट २०५/६५ टाक, रिम तीच चालते, काही होत नाही. टायरवाला म्हणतो १९५ बसवतो, मेकॅनिक म्हणतो कंपनीचाच साइज टाका नाहीतर मला विचारू नका. तिघांची तीन तोंडं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गंजलेला_नट
२०५/६५ चा विचार आधी सोडा, मग पुढचं बोलू.
लोकं फक्त पहिला आकडा बघतात आणि दुसरा तसाच ठेवतात, तिथेच घोळ होतो. तो ६५ म्हणजे मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या ६५ टक्के एवढी साइडवॉलची उंची. म्हणजे रुंदी वाढवली की उंची आपोआप वाढली. तुमचं आत्ताचं टायर: १८५ चे ६५ टक्के १२०.२५, वर आणि खाली मिळून २४०.५, त्यात १५ इंच म्हणजे ३८१ मिमी मिळवा, झाला व्यास ६२१.५. आता २०५/६५ चा हिशोब केला तर ६४७.५ येतो. सव्वीस मिमी जास्त, ४.२ टक्के. साधारण ३ टक्क्यांच्या आत राहावं असा पायंडा आहे, त्यातही मी वरच्या बाजूला २ च्या पुढे जात नाही. ४ टक्क्यांत स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०४ ने जात असाल आणि खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की टायर चाकाच्या कमानीतल्या लायनरला (प्लास्टिकच्या अस्तराला) घासेल ते वेगळंच.
१५ च्या रिमवर खरे पर्याय तीनच:
१९५/६५ – व्यास ६३४.५, म्हणजे २.१ टक्के जास्त
१९५/६० – ६१५, एक टक्का कमी
२०५/६० – ६२७, जेमतेम ०.९ टक्के जास्त
आकड्यात २०५/६० सगळ्यात गोंडस दिसतं, पण थांबा, लगेच उड्या मारू नका.

वळणावरची
नटभाऊंनी व्यासाचं छान सांगितलं, पण रिम किती रुंद आहे हे कोणीच विचारलं नाही. १५ हा रिमचा व्यास झाला, रुंदी वेगळी. चाक काढून मागच्या बाजूला स्पोकवर बघा, नाहीतर व्हॉल्व्हच्या आसपास, ५.५जे किंवा ६जे असं कोरलेलं असतं, पुढे ईटी (रिमचा मध्य आणि गाडीला टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर, मिमीत) आणि एक आकडा. ते दोन्ही आकडे इथे टाका. आणि ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर स्टिकर असतो त्यावर कुठले कुठले साइज लिहिलेत तेही बघा, बऱ्याच गाड्यांत वरच्या मॉडेलचा साइज पण तिथेच छापलेला असतो.

धुरळा
मी स्वतः २०५/६० वापरतोय साडेपाचच्या रिमवर. काही होत नाही. गाडी रुळावर असल्यासारखी वाटते. नेटवर सगळे घाबरवतात नुसते.

रोमातून_बाहेर
टॉर्च घेऊन चाकामागे डोकं घातलं, चिखल खरवडला तेव्हा कुठे दिसलं. ५.५जे x १५ ईटी ४५. स्टिकरवर दोन साइज आहेत, १८५/६५ आर१५ आणि १९५/५५ आर१६. हवा दोन्हीला ३३ पीएसआय, पूर्ण लोडला मागे जास्त लिहिलीये.
@धुरळा दादा, किती फिरली तुमची टायरं?

धुरळा
निम्मी झाली असतील. मस्त चाललीयेत.

गंजलेला_नट
१९५/५५ आर१६ चा व्यास काढा बघू. १०७.२५ दुप्पट २१४.५ अधिक ४०६.४, झाले ६२०.९. तुमच्या ६२१.५ शी अर्ध्या मिमीचा फरक. कंपनीने रुंदी वाढवली, रिम एक इंच मोठी केली आणि साइडवॉल कमी करून व्यास होता तिथेच ठेवला. रुंद करायची खरी रीत ही. यावरून एवढं कळलं की या गाडीच्या कमानीत १९५ रुंदीचं टायर बसतं. मात्र त्या १६ च्या रिमची रुंदी आणि ईटी तुमच्यापेक्षा वेगळे असू शकतात, त्यामुळे लगेच "१९५ पास" असा शिक्का मारू नका.

वळणावरची
५.५जे असेल तर २०५ नको हे माझं मत. नियमात बसतं हं, २०५/६० साठी ५.५ ते ७.५ इंच रिम चालते असं तक्ते सांगतात, म्हणजे धुरळाभाऊ बेकायदा काही करत नाहीयेत. पण ५.५ हे अगदी खालचं टोक झालं. १८५/६५ ला ५ ते ६.५ चालते, १९५ च्या दोन्ही साइजना ५.५ ते ७. अरुंद रिमवर रुंद टायर चढवलं की खालून दोन्ही कडा आत खेचल्या जातात, साइडवॉल फुगते आणि ट्रेडला मधे हलकासा बाक येतो. मग मधला भाग जास्त झिजतो आणि स्टिअरिंग फिरवल्यावर आधी टायर लचकतं, मग गाडी वळते. म्हणजे ज्या तरंगण्यासाठी खर्च करायचा तेच वाढवून घ्यायचं! आणि त्या रिमवर २०५ पूर्ण २०५ भरतही नाही. टायरची छापील रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर धरलेली असते, रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायर साधारण ५ मिमी कमी भरतं.

धुरळा
थिअरी झाली ही. चालवून बघा मग बोला.

निवांत_आजोबा
भांडू नका रे पोरांनो. मुळात रुंद टायरने नेमकं काय मिळतं ते बघा.
सगळ्यांना वाटतं रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकलं. तसं नसतं, निदान वाटतं तेवढं तरी नसतं. एका चाकावर समजा ३०० किलो भार आहे आणि हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार करा, १३० चौ.सेंमी येतात. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे थोडं इकडे तिकडे होईल, पण तेवढ्याच, तळहाताएवढ्या ठशावर तुमचा कोपरा उभा आहे. टायर रुंद केलं आणि भार, हवा तीच ठेवली तर ठसा आडवा रुंद होतो आणि लांबीला आखूड होतो, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. आडवा ठसा वळणावर फायद्याचा, कोरड्या रस्त्यावर गाडी वळणात घट्ट वाटते, हे धुरळा म्हणतो ते खरंच आहे. पण पावसात उलटं. रुंद टायरला एकाच वेळी जास्त पाणी बाजूला सारायचं असतं आणि आखूड ठशामुळे त्याला वेळ कमी मिळतो. बाकी सगळं सारखं धरलं तर रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतं. हवा कमी असेल तर आणखी लवकर.
आता धागाकर्त्याची तक्रार परत वाचा. पावसात एबीएस लगेच लागतं, आणि ट्रेड पट्टीला टेकलाय. ती पट्टी १.६ मिमीवर असते. नवीन टायरची खाच साधारण ८ मिमीच्या आसपास खोल असते. पाणी जायला जागाच उरली नाही तर एबीएस गुरगुरणार नाहीतर काय आरती म्हणणार? हा रुंदीचा दोष नाहीच.
टायरवर कडेला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात ते बघून सांग बाळा.

रोमातून_बाहेर
आजोबा, १८१७ लिहिलंय. एका बाजूलाच आहे, दुसरीकडे हे आकडे नाहीत.

निवांत_आजोबा
२०१७ सालचा अठरावा आठवडा. रबर इतकं जुनं झालं की कडक होतं, खाचेच्या तळाशी बारीक भेगा दिसतील बघ. कडक रबराला ओल्या रस्त्यावर पकड नसते, मग ते १८५ असो नाहीतर २२५. तुला आत्ता जो त्रास होतोय त्यातला बराचसा १८५ चंच नवीन चांगलं टायर टाकल्यावर जाईल.

सायलेन्सर
आजोबांना +१. वाखुसा (वाचनखूण साठवली).
मायलेजचं पण बोला कोणीतरी. रुंद टायरने मायलेज पडतं यात वाद नाही, वजन वाढतं, हवेला अडथळा वाढतो, लोळणातला विरोध पण बहुतेक वेळा वाढतो. पण लोकं जे आकडे छातीठोकपणे सांगतात त्यात एक गंमत असते. १९५/६५ टाकलं की चाक मोठं झालं, एका फेऱ्यात गाडी जास्त जाते पण ओडोमीटर जुन्याच हिशोबाने मोजतो. खरे ४०० किमी गेलात तर तो ३९२ दाखवणार. टाकी ते टाकी भागाकार करून "मायलेज पडलं, पडलं" ओरडतात त्यातले दोन टक्के तर तिथेच गेले! १९५/६० ला उलटं, चाक लहान म्हणून मायलेज वाढल्यासारखं दिसेल आणि माणूस खूष.
स्पीडोमीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो. युरोपात आणि इतर बऱ्याच देशांत मानला जाणारा जो नियम आहे, युनो रेग्युलेशन ३९, त्यात खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला परवानगीच नाही, म्हणून कंपन्या हात राखून सेट करतात. मोठं टायर टाकलं की तो राखलेला हात तुम्ही वापरून टाकता एवढं लक्षात असू द्या, कॅमेऱ्यापुढे "मीटरवर तर बरोबर होतं" चालत नाही.

दुचाकी_बरी
अवांतर: चाकं दोनच असली की खर्च निम्मा आणि धागा पण निम्मा.

वळणावरची
:) 
अवांतर पुरे, @रोमातून_बाहेर अजून एक काम करा. गाडी सपाटीवर, हँडब्रेक लावून, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा आणि पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घाला. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर स्प्रिंग बसते ती वाटी असते, टायर आणि ती वाटी यांच्यात किती जागा आहे? नंतर सरळ चाकाला, नंतर दुसऱ्या बाजूला. ब्रेकचा रबरी पाइप आणि मडफ्लॅप पण बघा. इंजिन बंद ठेवा म्हणजे झालं, आणि सायलेन्सर गरम असेल तर जरा जपून. (सायलेन्सर, तुम्हाला नाही म्हटलं.)
त्याच रिमवर १० मिमी रुंद टायर टाकलं की ५ आत जातं आणि ५ बाहेर येतं. २० रुंद टाकलं तर १० आत. त्यात व्यास वाढला तर त्याच्या निम्मं वरच्या दिशेने. शिवाय दोन कंपन्यांचं १९५ एकसारखं भरत नाही, कोणाचं अंगाने सुटलेलं असतं, कोणाच्या कडेला रिम वाचवायची जाड पट्टी असते. तेव्हा कागदावर ५ मिमी उरतात म्हणून निर्धास्त राहू नका.

रोमातून_बाहेर
बघितलं ताई. वाटी आणि टायर यांच्यात सगळ्यात कमी जागा चाक सरळ असताना आहे, करंगळी जाते, मधलं बोट अडतं. पूर्ण वळवल्यावर पुढच्या बाजूला लायनरपाशी बरीच जागा आहे, मागे मडफ्लॅपपाशी दीड बोट. करंगळी मोजली, १४ मिमी भरली. हसू नका.

गंजलेला_नट
१४ मिमीतून २०५ चे १० गेले, उरले ४. त्यात चिखल बसणार, वळणात टायर दबून कलणार. २०५ बाद. १९५ ला ९ उरतात, बरे आहेत. १९५/६५ घेतलं तर टायर ६.५ मिमी वर पण सरकतं, वाटी टायरच्या खांद्याच्या किती वर आहे त्यावर ठरेल. १९५/६० ला ती भानगडच नाही, उलट ३ मिमी खाली. म्हणून माझं मत १९५/६०.

खड्डेबहाद्दर
१९५/६० कशाला? खराब रस्ते असतील तर १९५/६५ घ्या, साइडवॉल जवळजवळ १२७ मिमीची मिळते, ६० मध्ये ११७. आत्ता १२० आहे. रिम वाकण्यापेक्षा स्पीडोमीटरचा दोन टक्के फरक परवडला. माझ्याकडे हाच बदल केलेला आहे, कुठे घासत नाही, गाडी जरा उंच झाली, खालून घासायची ती थांबली. स्टिअरिंग थोडं जड झालं आणि रस्त्यावर लांब चर असले की गाडी त्या दिशेला ओढ घेते, ती आधी घ्यायची नाही. पिकअप पण किंचित मंदावला, गिअरिंग उंच झाल्यासारखा.

गंजलेला_नट
तुमची गाडी वेगळी, त्यांची करंगळी वेगळी. :)

सायलेन्सर
लोड इंडेक्स विसरू नका कोणी. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. नवीन टायर याच्याखाली अजिबात नको. १९५/६५ बहुधा ९१ मध्ये येतं, म्हणजे ६१५ किलो. १९५/६० ला ८८ असतं. टी घेतलं तर १९०, गाडी तेवढी पळणार नाही म्हणून लोक घेतात, पण कंपनीने एच दिलंय तर एचच बघा. काही टायरांवर एक्सएल (एक्स्ट्रा लोड, जास्त भार पेलणारं) असतं, त्यांना तो वाढीव भार पेलायला हवा पण वाढीव लागते, आकडा मोठा बघून हवा कमी ठेवायची नाही. आणि हवा भरायची ती दाराच्या स्टिकरवरची, टायरवर कोरलेला कमाल आकडा नव्हे.

रोमातून_बाहेर
स्टेपनीचं काय? ती १८५/६५ च आहे, अजून एकदाही रस्ता न बघितलेली.

वळणावरची
१९५/६० बरोबर १८५/६५ ची स्टेपनी म्हणजे व्यासात साडेसहा मिमीचा फरक. पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला ठीक. तिच्यावर प्रवास करायचा नाही, विशेषतः पुढच्या एक्सलवर, दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरली की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सतत काम करत राहतं आणि एबीएसलाही वाटतं एक चाक घसरतंय. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असती तर याहून कडक सांगितलं असतं. तुमच्या गाडीत हवेची सूचना देणारा दिवा चाकांच्या फेऱ्या मोजून चालत असेल तर नवीन टायरं घातल्यावर तो रीसेट पण करावा लागतो. आणि हो, ती स्टेपनी पण २०१७ चीच असणार, रस्ता बघितला नाही म्हणून तरुण राहिली असं समजू नका.

निवांत_आजोबा
वॉरंटी आणि विम्याचं कोणी बोललं नाही. स्टिकरवर नसलेला साइज टाकायच्या आधी दोघांकडून लेखी विचारून घ्यावं. फोनवर "चालतंय की" म्हणणारा माणूस नंतर सापडत नाही.
मला विचारशील तर रुंदीपेक्षा टायरची जात बघ. कडेला ट्रेडवेअर आणि आकडा लिहिलेला असला तर तो झिजेचा अंदाज, शेजारी ट्रॅक्शनला एए, ए, बी अशी ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावरच्या पकडीची प्रत. युरोपच्या लेबलवर ओल्या पकडीची प्रत वेगळी दिलेली असते. साधारणपणे लाखभर किमी चालणारं टायर शोधायला गेलास की कडक रबर पदरात पडतं, आणि मग परत इथे येऊन पावसाची तक्रार करशील. ट्रॅक्शन ए चं १८५ हे बी च्या २०५ पेक्षा ओल्यात लवकर थांबवेल यावर माझी पैज. वळणातलं तरंगणं थोडं टायराचं असेल, थोडं शॉकॲब्सॉर्बरचं, तेही तपासून घे.

रोमातून_बाहेर
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.
ठरवलंय असं: १८५/६५ आर१५ ८८एच च घेणार, पण ओल्या पकडीची प्रत चांगली असलेलं, आणि बसवण्याआधी चारही टायरांचे आठवडे वाचणार. शॉकॲब्सॉर्बर मेकॅनिकला दाखवले, मागचा डावा तेल सोडतोय म्हणाला, मागची जोडी बदलतोय. एवढं करूनही तरंगली तर वरच्या मॉडेलच्या १६ च्या रिमचा पूर्ण सेट शोधेन, १९५/५५ सकट, तो स्टिकरवर आहे त्यामुळे कोणाला विचारायला नको. मित्र नाराज आहे.

खड्डेबहाद्दर
१९५/६५ ने पण भागलं असतं, पण ठीक आहे. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवीन व्हॉल्व्ह सांगून करून घ्या. नट हाताने किंवा टॉर्क पान्याने आवळायला लावा, हवेच्या गनने धडाधड आवळतात मग रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली की उड्या मारल्या तरी सुटत नाहीत. आणि पहिले काही शे किमी सांभाळून चालवा, नवीन टायराचा वरचा थर गुळगुळीत असतो.

धुरळा
आम्ही आपले २०५ वरच खूष. कोणाला पटो न पटो.

वळणावरची
खूष राहा की, कोण नाही म्हणतंय. फक्त एकदा ट्रेड मोजा, मधे किती आणि दोन्ही कडांना किती. गेज नसेल तर कॅलिपरची मागची पट्टी खाचेत घालून मोजता येतं.

धुरळा
मोजलं. पुढची दोन्ही: मधे ३.५, कडांना ५ च्या आसपास. मागे मधे ५, कडांना साडेपाच.

सायलेन्सर
हवा किती ठेवता?

धुरळा
३८. जास्त हवा म्हणजे मायलेज चांगलं.

वळणावरची
मग रिमवर सगळा आळ घेता येणार नाही, जास्त हवेनेही मधलंच झिजतं. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना स्टिकरच्या आकड्यावर आणा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला परत मोजा. तेव्हाही मधलंच जात असेल तर आकडे इथेच टाका, मग २०५ वर बोलू.